आमवातावरची ‘लस’: प्रयोगशाळेत नेमकं काय चाललंय, आणि आपल्या किनाऱ्यापर्यंत काय पोचू शकतं?

हर्णै_बंदर

दापोलीपासून मालवणपर्यंत सगळ्या गटांत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘आमवातावर लस निघाली, दोन डोस घ्या, गोळ्या कायमच्या बंद.’ सोबत उंदराचा फोटो आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा उल्लेख. मजकूर अर्धवट आहे, पण मुळाशी काहीतरी खरं असावं असं वाटतं. जाणकारांना विचारायचं ते असं. ही लस रोग होऊ नये म्हणून आहे की झालेल्या रोगावर? माणसांना दिली आहे का? आणि ज्यांचं मेथोट्रेक्सेट (आमवाताची नेहमीची गोळी) चालू आहे त्यांनी आज काय करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कृपया आधी द्या. असं काही वाचून परस्पर गोळ्या सोडणारे लोक निघतात.

खारेपाटण

शेवटचं आधी. गोळ्या सोडायच्या नाहीत. आमवात बरा करणारी किंवा थोपवणारी एकही लस आज जगात कुठेही मंजूर नाही. मेथोट्रेक्सेट बंद केलं की काही आठवड्यांत सूज परतू शकते, आणि त्या काळात झिजलेलं हाड-कूर्चा पुन्हा भरून येत नाही.

आता शब्दाचा घोळ. गोवराची किंवा पोलिओची लस शरीराला जंतूची ओळख करून देते, म्हणजे तो आला की प्रतिकारयंत्रणा लगेच हल्ला करते. आमवातात हल्ला आधीच चालू आहे, तोही स्वतःच्याच सांध्यांवर. तेव्हा इथे लशीने शिकवायचं ते उलट: अमुक एका प्रथिनावरचा हल्ला थांबव, आणि बाकीच्या जंतूंशी मात्र पूर्वीसारखीच लढ. यातला दुसरा भाग सगळ्यात मोलाचा. आजची औषधं सरसकट दाबतात, म्हणून तर बायोलॉजिक (प्रतिकारयंत्रणेचा एखादा दुवा अडवणारं प्रथिनाचं इंजेक्शन) सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात. नेमकी सहनशीलता शिकवता आली तर तो धोका टळेल.

शिकवायचं कुठल्या प्रथिनाबद्दल, यावर सगळं अडतं. सूज असलेल्या ठिकाणी पॅड नावाची विकरं (एन्झाइम) प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन करतात. काही माणसांत, विशेषतः एचएलए-डीआरबी१ या जनुकाची ठरावीक रूपं असणाऱ्यांत, ही बदललेली प्रथिनं परकी ठरतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. आपण अँटी-सीसीपी चाचणी करतो ती याच प्रतिपिंडांची. पण ती आमवाताच्या साधारण ६७ टक्के रुग्णांत सापडते. उरलेल्या तिघांतल्या एकाचं लक्ष्य वेगळं आहे. म्हणून एक लस सगळ्यांना लागू पडेल हे मुळातच अवघड.

आंबोली_धुकं

माणसांवर झालेल्या प्रयोगांबद्दल लिहितो, कारण फिरणाऱ्या मजकुरात नेमकं तेच नाही.

सगळ्यात जास्त काम डेंड्रायटिक पेशींवर झालं आहे. ही पेशी प्रथिनाचा तुकडा उचलून टी पेशीला, म्हणजे हल्ला करायचा की आवरायचा ते ठरवणाऱ्या प्रतिकारपेशीला, दाखवते. पेशी ‘चिडलेली’ असेल तर टी पेशी हल्ला शिकते, शांत असेल तर दुर्लक्ष करायला शिकते. तेव्हा रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, शांत करायच्या, लक्ष्य प्रथिन भरायचं आणि परत टोचायच्या.

कृती साधारण अशी. रुग्णाच्या रक्तातून यंत्राने पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, बाकी रक्त परत देतात. त्यातल्या मोनोसाइट निवडून जीएम-सीएसएफ आणि इंटरल्यूकिन-४ या दोन प्रथिनांच्या द्रावणात वाढवतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या पद्धतीत याला सात दिवस लागतात. मध्येच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घालतात, शेवटच्या टप्प्यात पुन्हा डेक्सामेथासोन आणि जोडीला ड जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूप. या दोघांमुळे पेशी शांत राहते. मग एक जरासा चिथावणारा पदार्थ, एमपीएलए. हे वाचून लोक गोंधळतात, की शांत करायचंय तर चिथवायचं कशाला? कारण पूर्ण कच्ची पेशी तुकडा नीट दाखवतच नाही. दाखवण्याइतकी पिकलेली आणि तरी हल्ल्याचा हुकूम न देणारी, असा मधला बिंदू गाठायचा असतो.

बिघडतं ते इथेच. पेशी तयार झाल्यावर शांत करणारं इंटरल्यूकिन-१० भरपूर आणि हल्ल्याला चिथावणारं इंटरल्यूकिन-१२ अगदी कमी बनतंय का, पृष्ठभागावर सीडी८३ (पेशी पूर्ण पिकल्याची खूण) कमी आहे का, जंतुसंसर्ग नाही ना, किती टक्के पेशी जिवंत आहेत, हे सगळं तपासावं लागतं. एकही निकष चुकला तर ती तुकडी टाकून द्यायची, आणि रुग्णाला पुन्हा यंत्राला जोडायचं. दुसऱ्याच्या पेशी चालत नाहीत.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूकॅसलच्या चाचणीत लक्ष्य म्हणून रुग्णाच्याच गुडघ्यातलं पाणी वापरलं, कारण हव्या त्या प्रथिनांचे तुकडे त्यात असतातच. दुर्बिणीने गुडघा धुऊन तिथेच १० लाख, ३० लाख किंवा १ कोटी पेशी सोडल्या. प्रत्येक मात्रेला मोजके रुग्ण. गुडघा भडकला नाही, आणि १ कोटी पेशी मिळालेल्यांपैकी दोघांची गुडघ्याची लक्षणं स्थिरावली. बाकी शरीरावर परिणाम दिसला नाही. ही चाचणी सुरक्षितता बघायलाच होती, त्यामुळे एवढं निष्पन्न होणं ठीकच.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात रंजनी थॉमस यांच्या गटाची ‘रुमाव्हॅक्स’ वेगळ्या वाटेने गेली. तिथे बे ११-७०८२ या रसायनाने पेशीतला एनएफ-कप्पा-बी हा खटका बंद केला आणि सिट्रुलिनयुक्त चार तुकडे भरले: व्हायमेंटिन, कोलॅजेन-२ आणि फायब्रिनोजेनच्या दोन साखळ्या यांचे. धोक्याचं जनुक असलेल्या १८ रुग्णांना कातडीच्या थरात एकच इंजेक्शन. निकाल २०१५ साली आला: गंभीर त्रास नाही, आणि हल्लेखोर टी पेशींच्या तुलनेत आवर घालणाऱ्या पेशींचं प्रमाण वाढलं. तुलनेसाठी इंजेक्शन न दिलेले रुग्ण होते, पण औषधविरहित इंजेक्शन दिलेला गट नव्हता. म्हणून ‘सांधे बरे झाले’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

तारकर्ली२७

मग उंदराचा फोटो कुठला?

खारेपाटण

तो बहुधा ओहायोमधल्या टोलेडो विद्यापीठाच्या कामाचा, आणि ते उंदीर म्हणजे प्रयोगशाळेतले रॅट, छोटे माऊस नव्हेत. २०२१ साली रितू चक्रवर्ती यांच्या गटाने ते प्रसिद्ध केलं. फिरता मजकूर कितीही वाईट असला तरी हे काम मुळातून वाचण्यासारखं आहे.

१४-३-३ नावाच्या प्रथिनांचा सात जणांचा कुटुंबकबिला आहे. त्यातलं ‘झीटा’ हे संधिवात भडकवतं अशी त्यांची अटकळ होती. म्हणून उंदरांतून त्याचं जनुकच काढून टाकलं. अपेक्षा अशी की आता संधिवात सौम्य होईल. झालं उलट. त्या उंदरांना संधिवात लवकर आला आणि फार जोराचा आला. म्हणजे झीटा भडकवत नाही, आवर घालतं. मग जिवाणूंकडून हे प्रथिन बनवून घेतलं, शुद्ध केलं आणि लशीसारखं टोचलं. संधिवात दबला, हाडांचा दर्जाही सुधारला. गृहीतक कोसळल्यावर त्याच धाग्याला धरून पुढे जाणं, हे मला या कामात सगळ्यात आवडलं.

मर्यादा मात्र मोठ्या आहेत. उंदराला संधिवात ‘लावतात’: प्रिस्टेन हे तेल टोचून किंवा कोलॅजेन टोचून. कधी लावला ते तारखेनिशी माहीत असतं आणि सगळं काही आठवड्यांत आटपतं. माणसात प्रतिपिंडं सूज येण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात असतात. कळतं तोवर घडी बसलेली असते.

आणखी एक गल्लत सांगून ठेवतो. काही लॅबच्या यादीत ‘१४-३-३ ईटा’ अशी रक्तचाचणी असते. ती याच कुटुंबातली, पण वेगळ्या प्रथिनाची आणि निदानासाठीची. ती वाढली म्हणून ही लस लागू पडेल, किंवा झीटा कमी आहे, असा काहीही निष्कर्ष निघत नाही.

देवरुखी

कोलॅजेनचा विषय निघालाच आहे तर लिहिते, कारण किनाऱ्यावर ‘माशाचं कोलॅजेन’ म्हणून डबे खपतायत आणि विकणारे याच संशोधनाचा हवाला देतात.

तोंडावाटे सहनशीलता ही कल्पना खरी आहे. जे आतड्यातून रोज थोडं थोडं जातं त्याच्यावर शरीर सहसा चिडत नाही. १९९३ साली अमेरिकेत ६० रुग्णांवर तीन महिने चाचणी झाली, कोंबडीच्या कूर्चेतलं कोलॅजेन-२ देऊन. सूज कमी झाली, चौघांचा रोग त्या काळात पूर्ण शमला. मोठी खळबळ उडाली. मग १९९८ साली २७४ रुग्णांवर चार मात्रा तपासल्या: रोज २०, १००, ५०० आणि २५०० मायक्रोग्रॅम. फायदा दिसला तो सगळ्यात कमी मात्रेत, आणि तोही माफकच. नंतरच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, म्हणून हे औषध झालं नाही.

आता डब्याकडे या. माशाच्या कातडी-खवल्यांतलं कोलॅजेन मुख्यतः पहिल्या प्रकारचं. सांध्याच्या कूर्चेतलं दुसऱ्या प्रकारचं. प्रथिन वेगळं, तेव्हा त्या चाचण्यांचा आधार इथे लागूच होत नाही. शिवाय चाचणीतलं कोलॅजेन न उकळलेलं, तिपेडी वेणी शाबूत असलेलं होतं. पावडर करताना ते मुद्दाम तोडतात. कोंबडीच्या पायांचं सूपही उकळून उकळून जिलेटिन झालेलं असतं. सूप प्यायला काहीच हरकत नाही, चांगलं अन्न आहे. पण महिन्याला दीड-दोन हजार डब्यावर घालवून मेथोट्रेक्सेटच्या रक्तचाचण्या टाळणारी घरं आहेत. तो पैसा आधी रक्तचाचण्यांना द्या.

याच वर्गातला दुसरा प्रयोग डीएनएजेपी१ या तुकड्याचा. ई. कोलाय जिवाणूच्या उष्णताघात प्रथिनातला हा तुकडा धोक्याच्या एचएलए रेणूशी साम्य असलेला आहे. रोज २५ मिलिग्रॅम तोंडाने, सहा महिने, १६० रुग्ण. निकाल २००९ साली आले. टी पेशींचं टीएनएफ (सूज भडकवणारं प्रथिन) बनवणं घटलं, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताची जुनी गोळी घेणाऱ्यांत फायदा जास्त दिसला. ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. बहुधा कुठलीही सहनशीलतेची लस एकटी पुरणार नाही, आधी औषधाने आग कमी करावी लागेल.

आंबोली_धुकं

देवरुखी ताई, पूर्ण सहमत.

एक अगदी वेगळी जातही नोंदवतो. टीएनएफ काइनॉइड. यात सहनशीलता नाही, खरीखुरी हल्ल्याची लस आहे, फक्त लक्ष्य स्वतःचंच टीएनएफ. अडॅलिमुमॅबसारखं प्रतिपिंड दर दोन आठवड्यांनी बाहेरून टोचण्यापेक्षा शरीरालाच ते बनवायला लावायचं. पण स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध शरीर सहजी प्रतिपिंड बनवत नाही. म्हणून टीएनएफ निष्क्रिय करून केएलएच नावाच्या परक्या प्रथिनाला जोडतात. हे केएलएच येतं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या एका मोठ्या गोगलगायीच्या निळ्या रक्तातून. आपल्या कुर्ल्यांचं रक्तही निळसरच, लोहाऐवजी तांबं असलेलं, त्यामुळे किनाऱ्यावर हे समजावायला सोपं जातं.

४० रुग्णांवरच्या चाचणीत ९०, १८० आणि ३६० मायक्रोग्रॅम मात्रा दोनदा किंवा तीनदा दिल्या. प्रतिपिंडं तयार झाली, ३६० च्या तीन डोसांत सगळ्यात चांगली. पण सांध्यांत ठोस फरक पडल्याचं सिद्ध झालं नाही आणि आमवातासाठी हे औषध बाजारात आलं नाही. माझा मूळ आक्षेप निराळा आहे. अडॅलिमुमॅब चालू असताना क्षय उद्भवला तर इंजेक्शन थांबवता येतं. शरीरच टीएनएफविरुद्ध प्रतिपिंडं बनवत असेल तर ती लगेच थांबवणार कशी?

हर्णै_बंदर

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. आणखी एक प्रश्न. पावसाळ्यात चिकनगुनिया होऊन महिनोन्महिने सांधे धरून राहतात. तोही सूज असलेला संधिवातच. त्याला यातली एखादी लस चालेल का? आणि चिकनगुनियाची स्वतःची लस आहे म्हणतात, ती?

देवरुखी

दोन्हीचं उत्तर नाही, पण कारणं वेगळी.

वरच्या सगळ्या लशी ठरावीक स्वप्रथिनांना बांधलेल्या आहेत. चिकनगुनियानंतरच्या सांधेदुखीत सुरुवात विषाणूने केलेली असते. सिट्रुलिनचे तुकडे दाखवून तिथे काही साधणार नाही.

चिकनगुनियाची लस रोग होऊ नये म्हणून आहे, दुखऱ्या सांध्यांवरचा इलाज नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली पहिली लस दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची होती. गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींनंतर तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा परवाना स्थगित झाला. जिवंत विषाणू असल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना ती नकोच. दुसरी, विषाणूचं नुसतं कवच वापरणारी, २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मंजूर झाली.

व्यवहाराची गोष्ट अशी. ताप येऊन गेल्यावर दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजलेली आहेत आणि सकाळची आखड तासाभराहून जास्त टिकते, तर सहा आठवडे ही रेघ धरा. त्याच्या आत बहुतेकांचं ओसरू लागतं. सहा आठवडे उलटूनही सूज (नुसतं दुखणं नव्हे, बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी सूज) असेल तर अँटी-सीसीपी, आरए फॅक्टर, सीआरपी करून संधिवाततज्ज्ञाला दाखवा. अँटी-सीसीपी चढं असेल तर ‘चिकनगुनियाचंच आहे’ म्हणून वर्ष काढू नका. आणि या सहा आठवड्यांत मनाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करू नका. सूज दबते, निदान लांबतं.

तारकर्ली२७

समजा यातलं काही यशस्वी झालं, तर सिंधुदुर्गातल्या माणसाला मिळेल का? की मुंबई-पुण्यालाच फेऱ्या मारायच्या?

आंबोली_धुकं

कुठली जात यशस्वी होते यावर ते आहे.

पेशींची लस असेल तर अवघड. रक्त काढल्यापासून ते प्रयोगशाळेत पोचेपर्यंतचा वेळ मोजका. सात दिवस निर्जंतुक खोलीत वाढ. तयार पेशी ताज्या द्यायच्या तर काही तासांत टोचायला हव्यात. जुलैत घाट बंद पडला की संपलं. गोठवून नेता येतात, पण त्याला द्रव नायट्रोजनची टाकी लागते, आणि वितळवल्यावर जिवंत पेशींचं प्रमाण पुन्हा मोजावं लागतं. अशा लशीसाठी रुग्णानेच मोठ्या केंद्रात जायचं.

याच अडचणीमुळे रंजनी थॉमस यांचा गट पेशी सोडून बाटलीकडे वळला. डीईएन-१८१ मध्ये चरबीच्या सूक्ष्म थैल्या असतात. आत कोलॅजेन-२ चा तुकडा आणि कॅल्सिट्रायॉल, म्हणजे वर सांगितलेलं तेच ड जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूप. थैली कातडीखाली टोचली की शरीरातल्याच डेंड्रायटिक पेशी ती गिळतात आणि आतल्या आत शांत होतात. सात दिवसांची प्रयोगशाळा शरीरातच उघडल्यासारखं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या १७ रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, निकाल २०२२ साली आले: झेपली, रोग वाढला नाही, टी पेशींत हवे तसे बदल दिसले. परिणामकारकता ठरायला मोठ्या चाचण्या लागतील. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीतून जाऊ शकेल अशी हीच जात.

खारेपाटण

शीतपेटीवरून एक भर. आज बायोलॉजिकची पेनं एसटीने किंवा कुरिअरने मागवतात त्यांनाही हे लागू आहे. २ ते ८ अंश, आणि गोठू द्यायचं नाही. लोक उन्हाला घाबरतात, पण नुकसान बर्फाला थेट टेकल्यानेही होतं. बर्फाच्या पिशवीला कापड गुंडाळा, पेन खोक्यातच ठेवा, शीतकपाटात मागच्या भिंतीला टेकवू नका. पावसात दिवसभर वीज गेली तर दार उघडू नका. पेन नक्की किती वेळ बाहेर होतं ते लिहून ठेवा आणि खोक्यातल्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. अडॅलिमुमॅबच्या मूळ पेनाला २५ अंशांपर्यंत १४ दिवस चालतं, पण आपल्याकडे मे महिन्यात घरातलं तापमान २५ च्या बरंच वर असतं, तेव्हा ती सवलत इथे धरू नका.

आंबोली_धुकं

तारकर्ली, ‘यशस्वी’ शब्दावरही थोडं. लशी फसल्या असं मी म्हणणार नाही. बहुतेक चाचण्या जुन्या, मुरलेल्या रोगावर झाल्या, आणि खरी संधी त्याआधी आहे. याचा पुरावा लस नसलेल्या एका औषधाने दिला. अबाटासेप्ट. अँटी-सीसीपी चढं, सांधे दुखतात पण सूज नाही, अशा २१३ जणांवर चाचणी झाली. दर आठवड्याला १२५ मिलिग्रॅम किंवा औषधविरहित इंजेक्शन, एक वर्ष. वर्षअखेर रोग उमटला तो अबाटासेप्टवाल्यांत ६ टक्क्यांना, दुसऱ्या गटात २९ टक्क्यांना. पण इंजेक्शनं थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर अंतर घटून २५ आणि ३७ टक्के झालं. म्हणजे त्या काळात रोग अडवता येतो, पण दाबणारं औषध थांबलं की यंत्रणा पुन्हा जुन्या वाटेला लागते. शिकवलेलं टिकवणं ही लशीकडून अपेक्षा आहे, आणि तिची कसोटी याच गटात लागायला हवी.

देवरुखी

‘लस चाचणीत नाव घालतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. भारतातली नियामक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावीच लागते. संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून केंद्राचं नाव, प्रमुख संशोधक आणि नीतिमत्ता समितीची मान्यता तपासता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई प्रायोजकाकडे. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा.

तारकर्ली२७

शेवटचा प्रश्न. आमवात असलेल्यांनी साध्या लशी, म्हणजे फ्लू वगैरे, घ्यायच्या की नाही? गावात ‘लशीने आमवात भडकतो’ म्हणतात.

खारेपाटण

घ्यायच्या. संसर्गाचा धोका त्यांनाच जास्त. निष्क्रिय लस (फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकल, नागिणीची रीकॉम्बिनंट) चालते. जिवंत लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नाकात मारायची फ्लूची लस जिवंत असते, ती टाळा.

फ्लूच्या इंजेक्शनबाबत अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०२२ ची सूचना अशी: रोग आटोक्यात असेल तर लस घेतल्यानंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावं, प्रतिपिंडं जास्त तयार होतात. म्हणजे आठवड्याच्या दोन मात्रा चुकवायच्या, आणि तेही आपल्या डॉक्टरांना सांगून. बाकी निष्क्रिय लशींसाठी मेथोट्रेक्सेट थांबवायची गरज नाही. रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी घटवणारं बायोलॉजिक) चालू असेल तर फ्लूची लस मोसमात वेळेवर घ्या. बाकीच्या लशी पुढच्या मात्रेची वेळ येईल तेव्हा घ्या आणि मग मात्रा किमान दोन आठवडे पुढे ढकला.

दोन आठवड्यांनी मेथोट्रेक्सेट सुरू करताना ठरलेल्या वारीच घ्या, चुकलेल्या दोन मात्रा भरून काढायला जास्त गोळ्या घेऊ नका. आणि घरात दुसरं कोणी डबी भरत असेल तर पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ असं वारासकट मोठ्या अक्षरात लिहा. ही गोळी चुकून रोज घेतल्याने तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावूही शकतो.